दिवाळीचा किल्ला: पहिल्यांदाच चिखलात हात घालणाऱ्या आईबाबांसाठी

दिवाळीचा किल्ला लक्ष्मीपूजनाला हिरवागार दिसायला हवा असेल, तर अळीव त्याच्या साधारण सात दिवस आधी पेरलेले असावे लागतात. पेरायचे तर डोंगर त्याआधी उभा हवा. डोंगर उभा करायचा तर माती त्याआधी आणलेली हवी. आणि नोकरी करणाऱ्या आईबाबांना यातलं काहीही शनिवार-रविवारशिवाय जमत नाही. हा हिशेब उलटा मांडत गेलं की आपण थेट कोजागिरीपाशी पोचतो. कोजागिरी ते लक्ष्मीपूजन म्हणजे पंधरा दिवस, त्यात हाताशी येणारे दोन शनिवार-रविवार. पहिला बघण्याचा आणि सामान जमवण्याचा, दुसरा बांधण्याचा. फराळ, साफसफाई आणि ऑफिसची कामं या दोन्हींच्या मध्ये बसवायची.

ज्यांनी लहानपणी किल्ला केलाच नाही, किंवा ज्यांच्या वाट्याला फक्त बादलीतून पाणी आणून द्यायचं काम आलं (माझ्यासारख्या बहिणी यात बऱ्याच असाव्यात), आणि आता घरात चार ते नऊ वर्षांचं मूल 'आपला किल्ला कधी?' म्हणून मागे लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाजारात तयार किल्ले मिळतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचे, रंगवलेले, बुरुजांसकट. तो आणून ठेवला की काम दहा मिनिटांत संपतं आणि अकराव्या मिनिटाला मूल पुन्हा टीव्हीसमोर जातं. मग तो आणण्याऐवजी आकाशकंदील थोडा मोठा आणा.

आधी एक खरा किल्ला

कोजागिरीच्या आसपासच्या रविवारी मुलाला घेऊन एखाद्या किल्ल्यावर जाऊन या. पावसाळ्यातली गर्दी ओसरलेली असते, डोंगर अजून हिरवे असतात, वाटा बऱ्यापैकी वाळलेल्या असतात. परतीचा पाऊस मात्र गाठू शकतो, तेव्हा एक जादा कपड्यांचा जोड पिशवीत असू द्या.

पुण्याकडच्यांना लोहगडासारखा दुसरा धडा नाही. गाडीने लोहगडवाडीपर्यंत जाता येतं, पुढे पायऱ्या आहेत, आणि गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओळीने लागतात. ही वाट सरळ वर जातच नाही. ती वळते, आणि प्रत्येक वळणावर डोक्यावर तट असतो. मुलाला तिथे उभं करून एवढंच विचारा: 'तू वर आहेस आणि मी खालून येतेय, मी तुला कितीदा दिसते?' पाच वर्षांच्या मुलालाही हे कळतं. लोहगडची विंचूकाटा ही लांबलचक माची (डोंगराची पुढे निघालेली सोंड) सुद्धा दाखवा, कारण घरी मातीत करायला ती फार सोपी आहे. लोकलने मळवलीला उतरून चालत जाणाऱ्यांनी मुलाच्या पायांचा आधी अंदाज घ्यावा, परतताना ते खांद्यावरच येतं. माकडांपासून डबा सांभाळा.

सिंहगडावर गाडी दरवाज्याजवळ जाते, म्हणून अगदी लहान मूल असेल तर तो बरा. देवटाकं, कल्याण दरवाजा, तानाजींची समाधी आणि मडक्यातलं दही एवढ्यात सकाळ होते. कोल्हापूरकरांना पन्हाळा घरचाच. तिथला तीन दरवाजा आणि अंबारखाना चुकवू नका. धान्य साठवायची ती गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारं आतून पाहिल्यावर मुलांच्या किल्ल्यात 'स्वयंपाकघर' आपोआप येतं. मुंबईकरांनी वसई गाठावी. डोंगर चढायचा नाही, मोकळं हिंडता येतं, आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून तो घेतला ही गोष्ट सांगायला तट समोर उभा असतो.

गडावर इतिहासाचं भाषण देत बसू नका. तीन गोष्टी शोधायला लावा: पाणी कुठे आहे, दरवाजा कुठे लपलाय, आणि सगळ्यात लांबचं कुठून दिसतं. पाण्याची टाकी खडकात खोदलेली असतात आणि टाक्यातून निघालेला दगड तिथेच बांधकामाला वापरलेला असतो, हे जमलं तर टाक्याच्या काठावरच सांगा. पुढच्या आठवड्यात घरी हीच युक्ती कामाला येणार आहे.

माझ्या मते मातीच्या किल्ल्याचं सगळं मर्म या तीन प्रश्नांत आहे. ज्या किल्ल्यात या तिन्हींची उत्तरं मुलाने स्वतः काढली, तो वेडावाकडा असला तरी किल्ला. नाहीतर चित्रं, म्हणजे मावळे-महाराजांच्या छोट्या मूर्ती, मांडलेला ढिगारा.

जागा

सोसायटीत बांधायचा असेल तर सेक्रेटरींना आधी विचारा, नंतर नाही. पार्किंगचा कोपरा, बागेची कड, जिन्याखालची जागा, जिथे पाणी साचत नाही आणि गाडी मागे घेताना चाक येत नाही, ती जागा धरा. ऊन सकाळचं किंवा संध्याकाळचं हवं. ऑक्टोबरच्या दुपारच्या उन्हात भिंती तडकतात आणि अळीव करपतात. भिंतीला टेकून बांधलात तर एक बाजू कमी थापावी लागते आणि डोंगराला पाठ मिळते. पहिल्यांदा करणाऱ्यांनी भिंतच धरावी.

बाल्कनीत करायचा तर वजनाचा विचार करा. ओल्या मातीची पंधरा लिटरची एक बादली पंचवीस किलोच्या आसपास भरते, अशा दहा बादल्या एका कोपऱ्यात रचू नका. बाल्कनीतला डोंगर आतून पोकळ करायचा, तो कसा ते पुढे येईलच. खाली जाड प्लास्टिक अंथरा आणि पाणी जायची जाळी उघडी ठेवा. माती त्या जाळीत गेली तर दिवाळी प्लंबरबरोबर साजरी होते.

जागाच नसेल, किंवा घर बंगळूरला, बडोद्याला, नाहीतर आणखी लांब थंडीच्या देशात असेल, तर जलदुर्ग करा. एक मोठी परात किंवा घमेलं, मध्ये मातीचं बेट, भोवती तट, आणि बाकी पाणी. शिवरायांनी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला तो 1664 साली. त्याचा तट सरळ जात नाही, नागमोडी वळत जातो, आणि दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मातीची लांब वळी करून ती नागमोडी ठेवायची, दोन वळणांच्या खाचेत दरवाजा दडवायचा. दोन संध्याकाळी काम होतं. पाणी मात्र तीन-चार दिवसांनी बदला, साचलेल्या पाण्यात डास व्हायला आठवडा पुरतो.

कुठला किल्ला करायचा? मूल जो पाहून आलंय तो. तरी हौस असेल तर राजगड करायला सुरेख आहे: मधोमध बालेकिल्ला (गडावरचा सगळ्यात उंच, आतला किल्ला), उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा आणि नैऋत्येला संजीवनी अशा तीन माच्या. सुवेळा माचीवर खडकाला आरपार नैसर्गिक भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. दगडांच्या फटीतून पेन्सिल घालून ठेवायची, वरून चिखल लिंपायचा आणि माती आवळली की पेन्सिल काढून घ्यायची. नेढं तयार. मुलं सगळ्या पाहुण्यांना आधी तेच दाखवतात. राजगडाला पसरट जागा लागते, एक मीटर बाय एक मीटरच्या आत तो कोंबू नका.

माती आणि बाकीचं

लाल माती नर्सरीत पोत्याने मिळते. टेकडीवरून खणून आणू नका, टेकडी आधीच पुरेशी झिजली आहे. काळी माती ओली असताना फार लोभस दिसते, थापायलाही मऊ, पण वाळताना आकसते आणि बोटभर भेगा पडतात. घरी काळीच मिळाली तर निम्मी वाळू किंवा लाल माती मिसळा. शेणखत घातलेलं तयार मिश्रण नको, त्यात थापताना पकड येत नाही आणि बाल्कनीत आठवडाभर वास राहतो.

बाकी यादी बहुतेक घरातलीच आहे. दोन-तीन गोणपाटं (वाण्याकडे मागितली तर मिळतात, प्लास्टिकची पोती चालत नाहीत, त्यांना चिखल धरत नाही), विटांचे तुकडे, फरशीचे तुकडे, जुने खोके, एक घमेलं, एक थापी, जुना ब्रश, पाणी फवारायची बाटली, स्टीलचा छोटा पेला, जुना कंगवा आणि थोडी वाळू. अळीव किराणा दुकानातून घ्या. शेतीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असू शकतं आणि इथे पेरणारे हात पाच मिनिटांनी तोंडात जाणार आहेत. उरलेल्या अळिवाचे लाडू होतात.

शनिवार: डोंगर

सकाळी लवकर बसा. जुने कपडे घाला, मुलाला आणि स्वतःलाही. मोबाइल घरात ठेवा, चिखलाच्या हातांनी फोटो काढायची घाई झाली की काम तिथेच थांबतं.

आधी सांगाडा. विटा, दगड, फरशीचे तुकडे रचून डोंगराचा उंचवटा करा. बाल्कनीत विटांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी उलटी ठेवा, आत चुरगळलेली वर्तमानपत्रं ठासून भरा, म्हणजे पोकळ असूनही बसत नाहीत. उंची मुलाच्या कमरेपर्यंत पुरे, त्याला वरचा बालेकिल्ला स्वतःच्या हाताने करता आला पाहिजे. सांगाडा हलवून बघा. डुगडुगला तर आत्ताच पक्का करा. विटा रचणं हे मोठ्यांचं काम, मुलाची बोटं तिथे नकोत.

आता चिखल. घमेल्यात माती घ्या, मधे आळं करा, पाणी घाला आणि मुलाला पाय घालू द्या. तुडवून जितका चांगला कालवला जातो तितका हाताने नाही, आणि हेच दृश्य तुम्हाला पुढची दहा वर्षं आठवणार आहे. यातून थोडा चिखल वेगळा काढून त्यात पाणी वाढवा, इडलीच्या पिठाइतका सैल करा. गोणपाट या सैल चिखलात पूर्ण बुडवायचं, दोन्ही बाजूंनी माखेल असं, आणि तसंच ओलं सांगाड्यावर टाकायचं. इथे घाई करू नका. गोणपाट ताणून गुळगुळीत बसवायचं नाही. त्याला चुण्या पडू द्या, हव्या तिथे चिमटीने धरून उभ्या घड्या घाला. या घड्या म्हणजेच कडे आणि घळी. सह्याद्रीचा डोंगर असाच दिसतो, वर सपाट, बाजूला उभा तुटलेला, खाली पसरलेला. घड्या जमल्या की कडेने दगड ठेवून गोणपाट दाबून टाका आणि वरून घट्ट चिखलाचा बोटभर थर थापत जा.

थापण्यात मुलाला खरं काम द्या. अगदी लहान, दोन-तीन वर्षांचं असेल तर ते फक्त चिखल आणून देईल आणि मधेच गोळे करून भिंतीवर मारेल. चालतं. पाच वर्षांचं मूल खालचा अर्धा डोंगर सहज थापतं, जाड-पातळ थापतं, त्याच्या बोटांचे ठसे राहतात. ते पुसून गुळगुळीत करू नका. बाबा लोकांना इथे विशेष सूचना: मुलाचं झाल्यावर मागून जाऊन 'जरा नीट' करायचा मोह आवरा. मूल लगेच ओळखतं, आणि पुढच्या वर्षी किल्ला एकट्या बाबांना करावा लागतो.

रात्रभर डोंगर तसाच राहू द्या. सोसायटीत खाली असेल तर जुनी मच्छरदाणी किंवा जाळी टाकून कडेला दगड ठेवा. मऊ, गार माती म्हणजे मांजरांना शौचालय आणि कुत्र्यांना बिछाना. परतीच्या पावसाचा अंदाज असेल तर वर प्लास्टिकही हवं.

रविवार: तट, दरवाजा, पाणी

सकाळी डोंगरावर बारीक भेगा दिसतील. घाबरू नका. सैल चिखलात जुना ब्रश बुडवून मुलाला भेगा भरायला बसवा. हे काम मुलांना का आवडतं कोण जाणे, पण अर्धा तास चूल-पोळ्या करायला मोकळा मिळतो.

मग तीन प्रश्न, याच क्रमाने.

पहिला, पाणी. वर सपाट जागी चमच्याने टाकं खोदा. निघालेली माती फेकू नका, तिथेच बाजूला ठेवा, तटाला वापरायची. गडावर सांगितलेली गोष्ट मुलाला आता स्वतःहून आठवते. टाक्यात एक छोटी वाटी किंवा बाटलीचं झाकण बसवा, नाहीतर पाणी मुरून आतलं गोणपाट कुजट होतं आणि डोंगर तिथेच खचतो.

दुसरा, दरवाजा. दोन बुरूज एकमेकांना झाकतील असे थोडे मागेपुढे ठेवायचे आणि दरवाजा त्यांच्या मधे, आत. समोरून बघणाऱ्याला फक्त बुरूज दिसला पाहिजे. यालाच गोमुखी रचना म्हणतात. रायगडाच्या महादरवाज्यापाशी ती बघायला मिळते. जमिनीवर डोकं टेकवून, मावळ्याच्या उंचीवरून बघा दरवाजा दिसतोय का. दिसत असेल तर बुरूज सरकवा. आमच्या घरी याच टप्प्यावर 'शत्रू लिफ्टने आला तर?' असा प्रश्न आला होता. त्याचं उत्तर म्हणून डोंगराच्या मागे एक चोरदरवाजा निघाला, आणि शत्रू लिफ्टने आला तर महाराज तिथून निघून जातात असं ठरलं. अशी उत्तरं मुलालाच काढू द्या.

बुरूज करायची सोपी रीत: स्टीलच्या पेल्याला आतून थोडी कोरडी वाळू लावा, घट्ट चिखल दाबून भरा, उलटा करून वर टिचकी मारा. सुटतो. चिखल फार सैल असेल तर बसतो, फार कोरडा असेल तर ढासळतो, दोन-तीन फुकट गेले की अंदाज येतो. वरच्या कडेला पेन्सिलीने छोटी तिरकी भोकं पाडा. या जंग्या, यांतून बंदुका रोखायच्या. तटासाठी चिखलाची जाड वळी लांबट ठेवून दोन्ही बाजूंनी पट्टीने चेपायची, वर खाचा पाडून चर्या (तटाच्या माथ्यावरचे दाते) करायच्या, आणि बाहेरून कंगवा ओढून आडव्या-उभ्या रेघा मारायच्या. लांबून दगडी बांधकाम दिसतं. तट सगळीकडे घालत बसू नका. जिथे उभा कडा आहे तिथे खऱ्या किल्ल्यालाही फारसा तट लागत नाही, कडाच तट असतो. मुलाचं अर्धं काम वाचतं, आणि का वाचलं तेही कळतं.

तिसरा, टेहळणी. सगळ्यात लांबचं जिथून दिसतं तिथे झेंड्याची काठी. भगवा कापडाचा करा, कागदाचा फवारणीत भिजतो.

वाट शेवटी. पायथ्यापासून वळत वळत दरवाज्यापर्यंत, बोटाने दाबत न्यायची. पांढरी दिसायला रांगोळी चिमटीने सोडा. चुना वापरू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. ओल्या हाताला तो भाजतो आणि डोळ्यात गेला तर थेट दवाखाना.

पेरणी

रविवारी संध्याकाळी, चिखल ओलसर असतानाच पेरा. त्याआधी अळीव एका वाटीत दुप्पट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा आणि मुलाला वाटीशी बसवा. बघता बघता प्रत्येक दाण्याभोवती काचेसारखा पारदर्शक बुळबुळीत थर चढतो, पाणी घट्ट होत जातं आणि शेवटी वाटी तिरकी केली तर सगळं एकदम सरकतं. हाच थर आपल्या कामाचा. मोहरी उभ्या कड्यावर टाकली तर घरंगळून पायथ्याशी गोळा होते. अळीव चिकटून बसतात. बोटांवर घ्यायचे आणि उतारावर पातळ फासायचे. वर माती लोटायची गरज नाही.

दाट फासू नका. थर झाला की आतल्या दाण्यांना हवा मिळत नाही, बुरशी येते. तट, वाट, दरवाजा आणि बालेकिल्ल्याच्या भिंती मोकळ्या सोडा. सगळीकडे पेरलं की आठवड्याने किल्ला नाहीसा होतो आणि कुरण उरतं.

पायथ्याला वेगळं काही हवं तर नाचणी. ती रात्रभर भिजवून पेरायची, चौथ्या-पाचव्या दिवशी डोकं काढते, आणि गवतासारखी दिसते कारण ती गवताच्याच कुळातली. गहू उंच वाढतो, मावळ्यांच्या पुढे तो झाडीच वाटतो, म्हणून अगदी कडेला, जावळीचं जंगल म्हणून ठीक. प्रतापगड करणाऱ्यांनी गहू जरूर पेरावा.

पाणी फक्त फवारून द्या, सकाळ-संध्याकाळ. मग्याने ओतलंत तर तटाचा ओघळ होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरे कोंब दिसतात, मग हिरवी टोकं, आणि सहाव्या-सातव्या दिवशी दीड-दोन इंचांचं दाट रान. ऑफिसला निघण्याआधी फवारणीची पाच मिनिटं मुलाची. या बाटलीला इतर कोणाला हात लावू द्यायचा नसतो, हे आजीआजोबांनाही सांगून ठेवा. दहाव्या दिवसानंतर अळीव आडवे पडायला लागतात. भाऊबिजेपर्यंत ताजं दिसायला हवं असेल तर पायथ्याच्या एखाद्या पट्ट्यात दोन-तीन दिवसांनी पुन्हा थोडे पेरा.

चित्रं

मधल्या एखाद्या संध्याकाळी चित्रं आणायला जा. पुण्यात कसबा पेठेतला कुंभारवाडा, मुंबईत धारावीचा कुंभारवाडा, इतर गावांत कुंभार गल्ली किंवा आठवडी बाजार. ऑनलाइनही सगळं मिळतं, पण बाजारातल्या टोपलीतून 'हा नाही, तो मिशावाला' म्हणत मावळा निवडण्याची मजा तिथे नाही. महाराज सिंहासनावर, दोन भालदार, पाच-सहा मावळे, एक तोफ, एक गवळण, एक वाघ. एवढं पहिल्या वर्षी भरपूर. दरवर्षी दोन-चार वाढवत न्या.

शाडूची चित्रं फवारणीत विरघळतात. ती फरशीच्या छोट्या तुकड्यावर उभी करा आणि पाणी घालताना उचलून ठेवा. प्लास्टरची टिकतात, पण फुटल्यावर टाकायची कुठे हा प्रश्न उरतो. मापाची फार काळजी नको. बाजारात मावळा बुरुजाएवढा आणि वाघ हत्तीएवढा मिळतो, तो तसाच शोभतो. मुलाने गुहेत डायनासोर ठेवला तर राहू द्या. महाराजांची जागा तेवढी वर, बाकी गडाचा कारभार किल्लेदाराच्या मर्जीवर.

दिवाळीचे चार दिवस

पणत्या लावताना एक लक्षात ठेवा: आत गोणपाट आहे, वाळलं की ते भुरूभुरू पेटतं. पणती नेहमी फरशीच्या तुकड्यावर, डोंगराच्या कडेपासून हातभर लांब. डोंगरावर उजेड हवाच असेल तर बॅटरीवरची छोटी माळ. फटाके किल्ल्यापासून दूर.

संध्याकाळी लोक किल्ला बघायला येतात. मूल माहिती सांगायला उभं राहील. पाठ करून घेतलेल्या सनावळ्या सहसा अर्ध्यात अडकतात. टाकं का खोदलं आणि दरवाजा का दिसत नाही एवढं त्याने स्वतः बांधलेलं असतं, ते न अडखळता सांगतं. एखादे काका 'संजीवनी माची तिकडे नाही' म्हणून सांगतीलच. त्यांना चहा द्या.

तुम्हीही एका संध्याकाळी मुलाला घेऊन जवळपासच्या गल्ल्यांतले किल्ले बघत हिंडा. यासारखी बिनखर्चाची सहल दिवाळीत दुसरी नाही. जुन्या पेठांमध्ये, वाड्यांच्या बोळांत मोठी मुलं फार निगुतीने किल्ले करतात. त्यांनी दगड कसा दाखवला, पाणी कसं खेळवलं, हे विचारा. ती सगळं सांगतात, अगदी गुपित म्हणून. स्पर्धेत मात्र पहिल्या वर्षी नाव देऊ नका. परीक्षक येणार म्हटलं की आईबाबांच्या हाताला खाज सुटते.

बघून आल्यावर पुढच्या वर्षीचा किल्ला ठरतो. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतला जिंजी. कागदावर ही नावं लिहून फ्रिजवर लावा आणि पाहिलेल्यांवर मुलाला टिकली चिकटवू द्या. वर्षभराच्या रविवारांचा प्रश्न मिटतो.

मोडणं

तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवला तर पुरे. पुढे अळीव पिवळे पडतात, चिलटं होतात. सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवायची रीत बऱ्याच ठिकाणी आहे आणि मोठी मुलं त्याचीच वाट बघत असतात. माझा विरोध आहे, कारण विटांचे तुकडे उडतात आणि ते डोळ्यांच्या उंचीवर येतात. पाणी ओतून मोडा. बादलीभर पाणी बालेकिल्ल्यावर सोडलं की टाकं भरतं, दरवाजा कोसळतो, वाट वाहून जाते, आणि पूर कसा येतो ते कळतं. मुलाला यातही तितकाच रस असतो.

त्याआधी चित्रं उचलून, ब्रशने साफ करून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि बुटाच्या खोक्यात ठेवा. तुटलेला भाला किंवा हात लगेच डिंकाने चिकटवा, पुढच्या वर्षी तुकडा सापडत नाही. माती वाळवून चाळा, खडे आणि गोणपाटाचे धागे वेगळे करा. थोडी कुंड्यांत घाला, बाकी पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा. पोत्यावर 'किल्ला' असं मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर उन्हाळ्यात कोणीतरी ती माती कढीपत्त्याला घालून मोकळं होतं.